ओल्या कातळावर संरक्षक भिंतीचा पाया: पाणी कुठे काढायचं?

वाळपईकर:
गोव्यात सत्तरी तालुक्यात घरामागच्या उतारावर ८ फूट उंच, ५० फूट लांब दगडी भिंत बांधायची आहे. वर कुळागर (सुपारी-नारळाची बाग), त्यामुळे शिंपणाचं पाणी उन्हाळ्यातही मुरतं. चर खणल्यावर निम्म्या लांबीत कातळ लागला, तोही पुढच्या बाजूला उतरता. उरलेल्या भागात पिवळट चिकणमाती आणि मे महिन्यातही वीतभर पाणी. गवंडी म्हणतो, सोलिंग (दगडांचा थर) दाबून वर काँक्रीट ओतू, पाणी जिरेल. भिंतीतून पाणी काढायची भोकं नंतर पाडू. चालेल का? रुंदी किती धरायची?

कातळकाम:
जिरणारं पाणी मेमध्ये साठून राहत नाही. चिकणमातीत सोलिंग दाबलंत तर दगड खाली जातात आणि माती वर येते.

जांभ्याच्या कातळाचं वरचं कवच टणक, पण खाली साबणासारखी माती असू शकते. दर दोन-तीन फुटांवर पहार मारून बघा. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर तिथे अजून खणा. चिकणमाती पूर्ण काढून कठीण तळापर्यंत डबर काँक्रीट (मोठे दगड घातलेलं काँक्रीट) भरा. चार फुटांतही तळ लागला नाही, तर आराखडा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच घ्या.

उतरत्या कातळावर थेट ओतू नका, सबंध पाया घसरतो. कातळात आडव्या पायऱ्या कापा, शक्य तर थोड्या मागे कललेल्या. गुळगुळीत जागी मीटरभर अंतरावर २० मिमीच्या सळ्या फूटभर खोल ग्राउटने (सिमेंटच्या पातळ घोळाने) बसवा. कातळ संपून डबर काँक्रीटचा भराव सुरू होतो तिथे पायापासून माथ्यापर्यंत २० मिमीचा सांधा सोडा. नाहीतर एक बाजू खचेल, दुसरी जागची हलणार नाही, आणि तडा तिथेच जाईल.

पाण्यासाठी चराच्या खालच्या टोकाला, पायाच्या रेषेबाहेर, दीड फूट खोल खड्डा करून पंप लावा आणि काँक्रीट घट्ट होईपर्यंत चालू ठेवा. पायाच्या आतूनच उपसलंत तर पाण्याबरोबर सिमेंटही जातं. झरा फुटत असेल तर आधी पाइपने बाहेर वळवा.

पाणलोट:
रुंदीचा हिशेब पाण्याशिवाय होत नाही. २.४ मीटर उंचीला कोरड्या मातीचा रेटा दर मीटर लांबीला साधारण १.७ टन. मागे पाणी तुंबलं की ३.८ टन. भिंतीचा तळ १.४ मीटर रुंद आणि माथा ४५ सेंमी धरला तर भिंतीचं वजन जेमतेम ५ टन. भिंतीला घसरू न देणारं घर्षण त्याच्या निम्मं, म्हणजे अडीच टन. कोरड्यात टिकेल, तुंबल्यावर नाही. मागची जमीन चढती असेल तर तळ आणखी रुंद लागेल.

म्हणून भोकं नंतर पाडायची गोष्टच काढू नका. भिंतीच्या मागच्या टाचेला (मातीकडच्या तळाच्या कडेला) ११० मिमीचा सच्छिद्र पाइप, छिद्रं खाली, शंभराला एक उतार (तुमच्या लांबीत १५ सेंमी), टोक उघडं आणि जाळी लावलेलं. त्याच्यावर, सर्वांत वरचा फूट सोडून, उरलेल्या उंचीभर फूटभर रुंद २० ते ४० मिमी खडी, साडेनऊ घनमीटरच्या आसपास. खडी आणि मातीमध्ये जिओटेक्स्टाइल (पाणी सोडणारं, माती अडवणारं कापड) हवंच. शेडनेट लावलं तर त्यातून माती निघून येते आणि एक-दोन पावसाळ्यांत भोकं बुजतात. भोकं ७५ मिमीची, दीड मीटरवर, बाहेर उतरती. पहिली रांग पुढच्या जमिनीच्या वीतभर वर.

वाळपईकर:
भिंत जांभ्याच्या चिऱ्याची चालेल? आणि खणलेली माती मागे भरू का?

कातळकाम:
चिरा हलका, पाणीही पितो. जमिनीखालचा भाग तरी काळ्या दगडात, १:५ सिमेंट-वाळूच्या मालात करा. ती चिकणमाती मागे नको. मुरूम भरा, वीतभर थरांनी धुम्मस करत, तेही बांधकामाला चौदा दिवस झाल्यावर. सर्वांत वरचा फूटभर मात्र घट्ट माती आणि तिच्या मागे गटार, म्हणजे कुळागराचं पाणी खडीत उतरणार नाही.

पाणलोट:
उतार कापणार असाल तर आधी नगर नियोजन कायद्याच्या कलम १७अ खालची परवानगी बघा. आणि मिरग (मृग नक्षत्र) लागायच्या आत पाइपचं टोक उघडं आहे ना, ते बादलीभर पाणी ओतून तपासा.