मदत हवी आहे : आत्याच्या पित्ताशयाचं ऑपरेशन लांबतंय

नमस्कार मंडळी. माझी आत्या ७४ वर्षांची, सोलापुरात असते. पित्ताशयात खडे आहेत, दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलंय. पण तिला रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. ती कधी थांबवायची हे हृदयाचे डॉक्टर सांगेपर्यंत तारीख मिळत नाही. तीन आठवडे झाले. जेवल्यावर उजव्या बरगडीखाली कळ उठते, पार पाठीपर्यंत जाते. तळण बंद, शेंगाचटणीही बंद. जन्मभर तिच्याशिवाय घास उतरला नाही बाईला, आता नुसती कडक भाकरी पातळ आमटीत कुस्करून खाते. बघवत नाही हो. ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले तर लगेच दवाखाना गाठायचा, एवढं माहीत आहे. तोवर तुम्ही घरच्यांना जेवायला काय दिलंत? आणि सिव्हिलला महात्मा फुले योजनेतून केलं असेल, तर कागदपत्रं कोणती लागली?