‘आईमुळे’ की ‘आईवाटे’?

साखळीहून (गोवा) प्रश्न : आमच्या महिला मंडळासाठी ‘एपिजेनेटिक्स’वर अर्ध्या पानाची माहिती लिहितेय. ‘गर्भसंस्कार’ म्हटलं की बायकांना पटकन कळतं. चालेल का? पहिलं वाक्य असं आहे : ‘आईच्या खाण्यापिण्यामुळे बाळाच्या जनुकांत बदल होतात.’

फोंड्याहून : ताई, ‘गर्भसंस्कार’ नको. संस्कार म्हटला की करणारं कोणी लागतं, आणि इथे ती आईच ठरते. मूल आजारी निघालं की ‘हिनेच काही केलं नाही’ हे ओघानं आलं. ‘एपिजेनेटिक’साठी ‘अधिजनुकीय’ हा शब्द जड आहे, पण नेमका आहे. जनुकांचा मजकूर तसाच राहतो. त्यावर मिथाइलसारख्या रासायनिक खुणा बसतात आणि कुठलं जनुक किती काम करील ते त्यांवरही ठरतं. म्हणून ‘जनुकांत बदल’ काढा, ‘जनुकांवरच्या खुणा’ लिहा.

माझा खरा आक्षेप ‘-मुळे’ला आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी पश्चिम नेदरलँड्सकडे जाणारं अन्न अडवलं, माणशी रेशन दिवसाला १००० कॅलरींच्याही खाली गेलं. त्या उपासमारीत गर्भात रुजलेल्यांच्या आयजीएफ-२ या जनुकावर साठ वर्षांनंतरही मिथाइलच्या खुणा त्यांच्या भावंडांपेक्षा कमी आढळल्या. हे संशोधन २००८ चं. आता सांगा, हे ‘आईमुळे’ झालं? आईवाटे झालं! औषध तोंडावाटे पोटात जातं, तोंडामुळे नव्हे.

डिचोलीहून : अगदी मनातलं बोललात. मला दिवस गेले तेव्हा दारावरून खनिजाचे ट्रक जायचे. तुळशीची पानं तांबडी, पुसलेली खिडकी तासाभरात पुन्हा तशीच. बाळाचं वजन कमी भरलं. धुळीनंच झालं असं मी म्हणत नाही, पण घरात प्रश्न एकच : ‘तू जेवत नव्हतीस गो?’ ट्रकांचं नाव कोणी काढलं नाही.

फोंड्याहून : विज्ञानाच्या इतिहासकार सॅरा रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात हेच मांडलं होतं, की आयांना दोषी धरू नका. बापाचा, घरादाराचा, सरकारी धोरणाचा वाटा मागे पडतो.

साखळीहून : वाक्य बदललं : ‘आईला मिळालेलं अन्न, हवा आणि काळजी यांच्या खुणा तिच्यावाटे बाळाच्या जनुकांवर बसू शकतात.’ पण ‘काळजी’त घोटाळा आहे. मला चिंता म्हणायचंय, वाचणारी निगा समजेल. कोकणीत ‘हुसको’ म्हटलं की झालं. मराठीत?

डिचोलीहून : ‘घोर’ लिहा. जिवाला लागलेला घोर. आमच्याकडे सगळ्यांना कळतो.