फ्युएल प्रेशर मीटर निम्मंच दाखवतंय, पंप गेला की मीटर?

सोलापूर_टॉरस
नमस्कार मंडळी. दहा चाकी टॉरस ट्रक आहे, जुना इनलाइन पंप, २४ व्होल्ट. ऊस वाहतुकीला लागण्याआधी डिझेल फिल्टरचे दोन्ही एलिमेंट बदलले. बाहेरून बसवलेल्या फ्युएल प्रेशर मीटरचा सेंडर (प्रेशरप्रमाणे विजेचा रोध, म्हणजे ओहम, बदलून मीटरला कळवणारा भाग) गळत होता, तोही नवीन टाकला. डॅशवरचं मीटर जुनंच, ० ते ५ बारचं. पूर्वी १५०० आरपीएमला काटा २ वर असायचा, आता १ च्या पुढं सरकत नाही. आयडलला जेमतेम अर्धा बार. शिवाय खड्ड्यात गाडी आदळली की काटा झटकन ५ ला जाऊन परत येतो. खेच कमी नाही, मिसिंग नाही, सकाळी लगेच चालू होते. गॅरेजवाले म्हणतात फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा) बदला, मेन पंपही (इंजेक्टरना डिझेल देणारा तो इनलाइन पंप) उतरवून कॅलिब्रेशनला द्या. सीझन तोंडावर आहे. गाडी उभी करावी का?

पंपवाला_अक्कलकोट_रोड
दादा, आत्ताच पंप उतरवू नका. आधी साधं काट्याचं मेकॅनिकल गेज लावून खरं प्रेशर बघा, तोवर बाकी सगळा अंदाजच. ० ते ७ किलोचं गेज घ्या (किलो म्हणजे जवळपास बारच). १० किलोच्या वरचं नको, त्यावर १ आणि २ मधला फरक नीट वाचता येत नाही.

गेज लावायची जागा: फिल्टरमधून मेन पंपाकडे जाणारी लाइन, म्हणजे फिल्टरच्या पुढे. फिल्टरच्या आधी लावलंत तर एलिमेंट चोक असला तरी प्रेशर चांगलंच दिसेल. तिथला बँजो बोल्ट (लाइन जोडणारा पोकळ बोल्ट) काढून टी (तीन तोंडांचा जोड) बसवा. एमआयडीसीतल्या हायड्रॉलिक होजच्या दुकानात जुना बोल्ट नेऊन दाखवला की त्याच आट्याचा अडॅप्टर मिळतो. तांब्याचे वॉशर नवीन घाला. जुनेच वापरायचे तर लाल होईस्तोवर तापवून मऊ करा, काजळी पॉलिश पेपरने काढा. टेफ्लॉन टेप अजिबात नको. तिचा एक धागा आत गेला तर डिलिव्हरी व्हॉल्व्हपर्यंत पोचतो.

मग हँड प्रायमर मारून एअर काढा, गाडी गरम करा आणि आयडल, १५०० आणि फुल रेस असं तीन ठिकाणी वाचून लिहून ठेवा. अशा पंपावर साधारण १ ते २.५ च्या मधलं प्रेशर सापडतं. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्या. गेजवर २ दिसलं तर पंपाचा विषय संपला. तिथंही १ च असेल तर पुढचं सांगतो.

वायरिंग_आणि_मीटर
वरचं बरोबर आहे, मेकॅनिकल गेज लावाच. पण लक्षणं सेंडरकडे बोट दाखवतायत. काटा सगळीकडे निम्मा, खेच पूर्ण, आणि सेंडर बदलल्यापासूनच सुरू. नवीन सेंडरच्या अंगावर रेंज कोरलेली असते, ती वाचा. तिथं १० बार असेल तर तिढा तिथंच सुटला.

कारण असं. आपल्याकडच्या बहुतेक मीटरना १० ते १८० ओहमचा सेंडर लागतो. शून्य प्रेशरला साधारण १०, फुल स्केलला १८० च्या आसपास. ५ बारचा सेंडर २ बारला सुमारे ८० ओहम देतो, १० बारचा त्याच प्रेशरला ५० च्या आसपास. मीटरला बार कळत नाहीत, ओहम कळतात. ५ बारच्या मीटरला ५० ओहम मिळाले की ते १ दाखवणारच.

मल्टीमीटरने असं तपासा. सेंडरची वायर काढा. इंजिन बंद असताना टर्मिनल ते सेंडरची बॉडी मोजा, १० च्या जवळपास यायला हवं. मग चालू करून १५०० ला परत मोजा. त्यानंतर तेच टर्मिनल ते बॅटरीचा निगेटिव्ह मोजा. दोन्ही आकडे सारखे हवेत. दुसरा जास्त आला तर इंजिनचा अर्थ (अर्थिंग) खराब आहे आणि काटा खऱ्यापेक्षा वर दाखवणार.

डॅशवरचं मीटर तपासायचं तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून ४७ आणि ८२ ओहमचे रेझिस्टर आणा. सेंडरच्या वायरला एक टोक, दुसरं चांगल्या अर्थला, चावी ऑन. ४७ ला काटा १ जवळ आणि ८२ ला २ जवळ थांबला तर मीटर ठणठणीत.

खड्ड्यातली उडी हा वेगळा फॉल्ट. या जातीच्या मीटरमध्ये सर्किट तुटलं की काटा फुल जातो. वायर तुटली काय नि अर्थ सुटला काय, मीटरला दोन्ही सारखंच. सेंडरजवळचा लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) हलवून बघा. इन्सुलेशनच्या आत तारा तुटलेल्या असतात, बाहेरून काही दिसत नाही. सेंडरला दोन टर्मिनल असतील तर मीटरची वायर ‘G’ लिहिलेल्या टर्मिनलवर हवी. ‘WK’ लिहिलेलं वॉर्निंग लाइटचं आहे. त्यावर लावली तर आधी शून्य आणि प्रेशर येताच थेट फुल, मधलं काहीच नाही.

सोलापूर_टॉरस
गेज लावलं. आयडलला १, १५०० ला २, फुल रेसला २.३ किलो. सेंडर बंद गाडीत ११ ओहम, १५०० ला ५३. बॅटरी निगेटिव्हपर्यंतही ५३ च. अंगावर १० बार कोरलंय. ८२ ओहमला डॅशचा काटा २ वर थांबला. लग हलवला की काटा उडतो.

वायरिंग_आणि_मीटर
मग पंपाला हात लावायचं कारणच उरलं नाही. ० ते ५ बारचा सेंडर आणा, आटे जुन्याचेच. एम १० बाय १ आणि अमेरिकन १/८ एनपीटी हातात घेतले तर सारखेच वाटतात, सुरुवातीचे एक-दोन आटे बसतातही, पण पाना लावून कसलं की खराब होतात आणि डिझेल गळायला लागतं. २४० ते ३३ ओहमचा सेंडर कोणी दिला तर परत करा, त्यात काटा उलटा चालतो. लगच्या मागची वायर दोन-तीन इंच कापून नवा लग क्रिम्प करा, नुसती पिळून टेप मारू नका.

आणि एक मनापासून सांगतो, सेंडर थेट पंपावर ठेवू नका. फीड पंपाचे ठोके आणि इंजिनची कंपनं यांनी त्याचा पडदा फाटतो, जुना बहुधा त्यानेच गळायला लागला असेल. फूट-दीड फुटाचा डिझेलला चालणारा जाळीचा होज घ्या, पंपाच्या टोकाला अर्ध्या मिलिमीटर भोकाचा स्नबर (प्रेशरचे ठोके शमवणारा जोड) टाका, सेंडर कॅबच्या मागे क्लॅम्पवर बसवा. त्यामुळे काट्याची थरथरही जाते. पण मग सेंडरला इंजिनचा अर्थ मिळत नाही. बॉडीपासून चेसीपर्यंत वेगळी १.५ स्क्वेअर एमएमची वायर ओढा, रंग खरवडून. पारदर्शक प्लास्टिकची नळी वापरू नका, उन्हाळ्यात ती कडक होऊन तडकते. मेकॅनिकल गेजची डिझेल लाइन कॅबमध्ये कायमची नेणं तर नकोच, फुटली तर डिझेल ड्रायव्हरच्या अंगावर.

विजापूर_रोड_२५
माझी बीएस ६ गाडी आहे, तीवर हेच करता येईल का?

पंपवाला_अक्कलकोट_रोड
नाही. तिथला सेन्सर तीन वायरचा, ५ व्होल्टवर चालणारा असतो. ओहम मोजून काही कळत नाही आणि वायर अर्थला टेकवायची तर नाहीच. रीडिंग स्कॅनरवर घ्या. रेलच्या (इंजेक्टरना जास्त प्रेशरचं डिझेल देणाऱ्या नळीच्या) पाइपचा एकही नट चालू इंजिनवर सैल करू नका. तिथं प्रेशर हजार बारच्या वर जाऊ शकतं, बारीक फवारा कातडीतून आत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच हॉस्पिटल गाठायचं, दुखायची वाट बघायची नाही.

सोलापूर टॉरस, टी काढायच्या आधी एक भरलेली खेप तुळजापूर घाटातून करा. गेज बॉनेटखाली न ठेवता विंडशील्डच्या बाहेर वायपरजवळ घट्ट बांधा, म्हणजे चालवताना शेजारच्याला वाचता येईल. उभ्या गाडीत २ आणि चढाला १.२ वर उतरलं तर डिझेल मागून कमी येतंय. टाकीचं झाकण सैल करून बघा. प्रेशर वर आलं तर झाकणाचं एअर होल बुजलंय. नाही आलं तर फीड पंपाच्या तोंडची जाळी आणि टाकीतला सक्शन पाइप साफ करा. चढाला २ टिकलं की टी काढा नि ऊस भरा.