चित्रकला शिक्षक असलेल्या वडिलांच्या चित्रांची वाटणी कशी करावी?

प्रश्न : काळी शाई (टोपणनाव)

माझे वडील महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत ३४ वर्षे चित्रकला शिक्षक होते. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलांना बसवणे, स्नेहसंमेलनाचे पडदे रंगवणे आणि दर सोमवारी सुविचाराचा फळा लिहिणे, एवढे सांभाळून ते रविवारी नदीकाठी जलरंगात निसर्गचित्रे करत. घरात सुमारे ४०० जलरंगचित्रे, ३० तैलचित्रे आणि ६१ रेखाटनवह्या आहेत. मृत्युपत्र नाही. आई, धाकटा भाऊ आणि मी मुलगी असे तिघे वारस आहोत.

एक संग्राहक निवडक ६० चित्रे एकरकमी घ्यायला तयार आहेत. वडिलांच्या एका माजी विद्यार्थ्याला त्यांच्या चित्रांची दिनदर्शिका काढायची आहे. भावाचे म्हणणे असे की, चित्रांचे तीन सारखे गठ्ठे करून वाद मिटवावा. त्यातच गेल्या पावसाळ्यात खालच्या कपाटातील चित्रांवर बुरशीचे ठिपके आले. कोणत्या गोष्टीला आधी हात घालावा, हेच मला कळत नाही.

उत्तर १ : दस्तऐवज

हिंदू उत्तराधिकार कायदा आपल्याला लागू असेल आणि आपली आजी (वडिलांची आई) हयात नसेल, तर मृत्युपत्राअभावी आई, भाऊ आणि आपण यांचा वाटा समान आहे. मुलगी विवाहित असली तरी त्यात काही उणे होत नाही. रीतसर वाटणी होईपर्यंत चित्रे तिघांच्या सामाईक मालकीची असल्यामुळे संग्राहकाला कोणा एकाने परस्पर विकू नयेत. वारसा मिळाला म्हणून कर द्यावा लागत नाही, कारण मृताच्या मालमत्तेवरील शुल्क (एस्टेट ड्यूटी) १९८५ मध्येच रद्द झाले. मात्र विक्रीच्या नफ्यावर कर बसू शकतो, म्हणून सौद्याआधी सनदी लेखापालांशी बोलून घ्यावे.

घरोघरी गल्लत होते ती पुढच्या मुद्द्यावर. चित्राचा कागद ही एक मालमत्ता आहे आणि त्या चित्राचा स्वामित्वहक्क (कॉपीराइट) ही दुसरी. संग्राहकाने ६० चित्रे विकत घेतली तरी ती छापण्याचा हक्क त्यांच्याकडे आपोआप जात नाही; त्यासाठी वेगळा लेखी करार लागतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हा हक्क कलावंताच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो, म्हणजे आपल्या बाबतीत २०८४ च्या अखेरपर्यंत. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. दिनदर्शिकेची परवानगी तिघांच्या सह्यांनी लेखी द्या आणि तिच्यात मुदत व क्षेत्र स्पष्ट लिहा, कारण मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षे धरतो आणि क्षेत्र लिहिले नसेल तर संपूर्ण भारत. संबंध घरोब्याचे आहेत म्हणून हा कागद टाळू नका. उलट संबंध टिकावेत म्हणूनच तो करायचा असतो.

दोन अपवाद पाहून ठेवा. शाळेच्या नोकरीचे काम म्हणून काढलेल्या चित्रांचा हक्क, वेगळा करार नसल्यास, शाळेचा असू शकतो. रविवारची निसर्गचित्रे त्यात येत नाहीत. कोणी मोबदला देऊन काढून घेतलेल्या व्यक्तिचित्राचा हक्कही, करार नसल्यास, ते काढून घेणाऱ्याचा असतो. तसेच मूळ चित्राची पुढे १०,००० रुपयांहून अधिक किमतीला पुनर्विक्री झाली, तर याच कायद्याच्या ५३-अ कलमाने कलावंताच्या वारसांना त्या किमतीत कमाल १० टक्क्यांपर्यंत हिस्सा मागता येतो. म्हणून पहिल्या विक्रीची पावती आणि खरेदीदाराचा पत्ता जपून ठेवा.

उत्तर २ : कागदमित्र

मी कागदी वस्तूंच्या जतनाचे काम करतो, त्यामुळे वाटणीआधी बुरशीकडे वळतो. ती चित्रे आजच इतरांपासून वेगळी करा आणि सावलीत, वाहत्या हवेत कोरडी होऊ द्या. ओल्या फडक्याने पुसू नका. पाण्याचा हात लागला की जलरंग उचलला जातो आणि बुरशी कागदात अधिक खोल शिरते. पूर्ण वाळल्यावर घराबाहेर, नाकातोंडाला पट्टी बांधून, मऊ कोरड्या कुंचल्याने ती अलगद झाडावी. कागद पिवळा पडला असेल किंवा रंगाचे पापुद्रे सुटत असतील, तर मात्र हात लावू नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलाजतन केंद्र आहे. अशी चित्रे तिथल्यासारख्या जाणकारांना दाखवावीत.

चित्रे लॅमिनेट करू नका, फाटलेल्या कडेला सेलोटेप लावू नका आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधू नका. आम्लरहित कागद मध्ये घालून ती आडवी ठेवा, बाहेरच्या भिंतीला लागलेल्या कपाटात नकोत. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांवर रेंगाळली की बुरशी वाढते, म्हणून पावसाळ्यात कपाटात आर्द्रतामापक ठेवून रोज एक नजर टाकावी. मागील बाजूस क्रमांक घालायचा तो मऊ पेन्सिलीने, कोपऱ्यात. बॉलपेनची शाई वर्षांनी पुढच्या बाजूला उमटलेली मी पाहिली आहे.

उत्तर ३ : निवृत्त कलाशिक्षक

वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत, परंतु आपण ज्यांचा उल्लेख ओझरता केलात त्या ६१ वह्यांविषयी मला कळकळीने लिहायचे आहे. माझ्या गुरूंच्या पश्चात त्यांच्या घरच्यांनी चौकटीत बसवलेली चित्रे प्रेमाने वाटून घेतली आणि वह्या रद्दीत दिल्या. पुढे आम्ही विद्यार्थ्यांनी प्रदर्शन भरवायचे ठरवले तेव्हा कोणते चित्र आधीचे, कोणते नंतरचे, घाट कुठला, हे एकालाही सांगता येईना. सरांना चित्रावर तारीख घालायची सवय नव्हती. ती ते वहीत लिहीत. ती रुखरुख अजून माझ्या मनात आहे.

शिक्षक असलेल्या चित्रकाराचे काम सुटे करून पाहता येत नाही. वस्तुचित्राच्या तासाला मुलांसाठी मांडलेला तांब्या त्याच्या स्वतःच्या वहीत येतो, तिथून तैलचित्रात जातो. वहीच्या समासात एखाद्या मुलाची चुकलेली लंबवर्तुळाकार कड दुरुस्त करून दाखवलेली असते, आणि माझ्या मते ती रेघ त्या माणसाची सर्वांत खरी सही असते. म्हणून गठ्ठे करण्याआधी प्रत्येक चित्राचे आणि वहीच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून क्रमवार यादी करा. संग्राहकाला घाई असेल तर असू द्या. निवडक ६० चित्रे आधी गेली, तर उरलेल्या सुमारे ३७० चित्रांचा संदर्भच तुटेल.

विद्यार्थ्यांची चित्रे वेगळी काढा. ती आपली नाहीत, ज्याची त्याला परत करावीत. आईंना मात्र रोज दहा चित्रे दाखवा आणि त्या काय सांगतात ते ध्वनिमुद्रित करा. कोल्हापुरात राजारामपुरीत अभिनेते व चित्रकार चंद्रकांत मांडरे यांनी हयातीतच आपले घर आणि चित्रे शासनाला दिली, म्हणून तो संग्रह एका छताखाली राहिला. आपल्या वडिलांनी तसे काही ठरवले नव्हते, तरी वह्यांचा संच न फोडता एखाद्या संस्थेला द्यायचे तिघांनी मिळून ठरवता येईल. मात्र संच अखंड राहील ही अट दानपत्रात लिहून घ्या.

प्रश्नकर्तीचे उत्तर : काळी शाई

आपणा तिघांचे मनापासून आभार. काल भावाला हे सारे वाचून दाखवले आणि वाटणी यादी होईपर्यंत थांबवायला तो तयार झाला. बुरशी आलेली २३ चित्रे माडीवर सावलीत पसरली आहेत. संध्याकाळी आईपुढे पहिली वही उघडली. तिसऱ्या पानावर घाटाच्या पायऱ्यांचे पेन्सिलचे रेखाटन आहे आणि वरच्या कोपऱ्यात पाण्याचा एक वाळलेला थेंब. आई म्हणाली, "पाऊस आला होता, छत्री मी धरली होती." ते वाक्य क्रमांक १ समोर लिहून ठेवले आहे.