मदत हवी आहे: पसरणाऱ्या झाडांच्या काड्या वरून हिरव्या, खालून काळ्या

घरामागे एका मोठ्या झाडाखाली जमिनीचा पट्टा उघडा पडलाय, साधारण चार चौरस मीटर. बराचसा अर्धवट सावलीत, एका कडेला मात्र चांगलं ऊन येतं. गवत तिथे टिकत नाही. म्हणून जमिनीलगत पसरणारी झाडं लावून तो झाकून टाकायचाय. २० सेंटिमीटर अंतर धरलं तर चौरस मीटरला २५ रोपं, म्हणजे एकूण शंभर. इतकी विकत आणायची तयारी नाही, त्यामुळे कुंड्यांत आहेत त्यांच्याच काड्या लावतोय.

हाताशी तीन आहेत: जांभळ्या पट्ट्यांची ट्रॅडेस्कॅन्शिया, पोर्तुलाका आणि पसरणारा लँटाना. तिन्हींच्या काड्या एकाच ट्रेमध्ये, निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि निम्मं गांडूळखत, वर पारदर्शक झाकण, रोज पाण्याचा फवारा. ट्रॅडेस्कॅन्शिया मस्त चाललीय. पोर्तुलाका बुडाशी लिबलिबीत होऊन आडवा पडतो. लँटानाचं तर गूढच आहे. पानं टवटवीत, एका काडीला कळीसुद्धा आली, आणि उपटून बघितलं तर बूड काळं आणि मुळाचा पत्ता नाही.

झाकण कधी काढायचं? मुळं फुटायची पावडर लागतेच का? की एका ट्रेमध्ये तिन्ही लावायचीच नसतात?

प्रतिसाद

काळेपणा कापलेल्या टोकापासून वर चढतोय की मधूनच सुरू होतोय? आणि काप पेराच्या (पान फुटतं त्या गाठीच्या) खाली घेतला होता की दोन पेरांच्या मध्ये? शक्य असेल तर जवळून फोटो टाका.

प्रतिसाद (धागाकर्ता)

टोकापासून वर. काप कुठे घेतला ते खास बघितलेलं नाही, हाताला येईल तिथे कात्री चालवली. फोटो संध्याकाळी टाकतो.

प्रतिसाद

टोकापासून वर म्हणजे कूजच. लँटानाची पानं टवटवीत दिसतात ती झाकणामुळे. आत दमट हवा असते, पानांतून पाणी उडत नाही, त्यामुळे काडी खालून मेली तरी वरचा शेंडा बरेच दिवस ताजा राहतो. कळीवर तर अजिबात विश्वास ठेवू नका. ती काडीतल्या साठ्यावर येते आणि मुळांसाठी लागणारं अन्न खाते. दिसली की खुडायची.

पहिली शंका गांडूळखतावर. बिनमुळाच्या काडीला खत घेताच येत नाही, उलट ते पाणी धरून ठेवतं आणि बुरशीला आयतं घर मिळतं. मुळं फुटायला ओलाव्याइतकीच हवाही लागते. कोकोपीट आणि जाड वाळू किंवा परलाइट (हलके पांढरे खडे) निम्मं निम्मं घ्या. कोकोपीट आधी दोन-तीनदा धुवा, त्यात मीठ असू शकतं. भिजवून मूठभर दाबलं की गोळा व्हायला हवा आणि एखाद-दुसराच थेंब पडायला हवा. धार लागली तर ते जास्त ओलं आहे. रोजचा फवारा थांबवा, झाकणाच्या आतून बाष्प दिसतंय तोवर पाण्याची गरज नसते.

लँटानासाठी काडी अगदी लुसलुशीत नको आणि जूनही नको. वाकवल्यावर वाकते पण थोडा ताण जाणवतो, अशी घ्या. आठ-दहा सेंटिमीटर पुरे. धारदार, पुसलेल्या पात्याने पेराच्या लगेच खाली कापा, मुळं मुख्यतः तिथूनच निघतात. खालची पानं काढा, वरची दोन-चार ठेवा, मोठी असतील तर अर्धी कापा. पावडर लागतेच असं नाही, पण लँटानाला उपयोग होतो. तिच्यात बहुधा इंडोल ब्युटिरिक ॲसिड, म्हणजे मुळं फुटायला लावणारं संप्रेरक, असतं. काडी थेट डबीत बुडवू नका, थोडी पावडर बशीत काढून घ्या, नाहीतर एका काडीची बुरशी सगळ्या डबीला लागेल. जास्तीची झटकून टाका. आधी पेन्सिलीने भोक पाडून मग काडी खोचा, म्हणजे पावडर खरवडून निघत नाही.

पोर्तुलाका त्या ट्रेमधून बाहेर काढा. त्याच्या खोडातच पाणी भरलेलं असतं, झाकणाखाली तो कुजणारच. काड्या एखादा दिवस सावलीत कोरड्या ठेवा, काप सुकला की वाळूमिश्रित मातीत खोचा आणि झाकू नका.

झाकण: काडी हलकेच ओढून बघा. अडकल्यासारखी वाटली म्हणजे मुळं धरलीत. मग झाकण रोज थोडा थोडा वेळ उघडं ठेवत आठवड्याभरात काढून टाका. एकदम काढलंत तर पानं माना टाकतात.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाला +१, पण मुळात कापताय कशाला? ही पसरणारी झाडं आहेत, पेर ओल्या मातीला टेकलं की बहुतेक आपणहून मुळं सोडतात. आईच्या, म्हणजे मूळ झाडाच्या, कुंडीशेजारी मातीने भरलेली दुसरी कुंडी ठेवा, फांदी तिच्यावर आडवी करा, पेरावरची पानं काढून केसांच्या आकड्याने किंवा छोट्या दगडाने दाबून टाका. मुळं धरली की मधला दुवा कापायचा. तोवर आई पोसत असते, त्यामुळे कुजण्याची भीती फार कमी. लँटानासाठी मी तरी हेच करेन. ट्रॅडेस्कॅन्शियाला ट्रेसुद्धा नको, दोन-तीन पेरांचे तुकडे करून पट्ट्यातच ओल्या मातीत आडवे पुरा. घरात कुत्रं असेल तर एवढं लक्षात ठेवा, तिच्या रसाने काही कुत्र्यांच्या कातडीला खाज सुटते.

प्रतिसाद

थोडं विषयांतर. पोर्तुलाका आणि लँटाना दोन्ही उन्हाची झाडं आहेत. मुळं फुटतीलही, पण झाडाखाली ती उंच, विरळ होतील आणि फुलं येणार नाहीत. ती फक्त उन्हाच्या कडेला लावा. आणि कुणी वेडेलिया (पिवळ्या फुलांचं पसरणारं झाड) सुचवला तर जरा थांबा. धरतो पटकन, पण जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. एकदा बांधाबाहेर गेला की आवरत नाही.

प्रतिसाद (धागाकर्ता)

खूप धन्यवाद सगळ्यांना. आजच लँटानाच्या फांद्या दाबतो आणि ट्रे रिकामा करतो. सावलीत ट्रॅडेस्कॅन्शिया, कडेला बाकीची दोन. एकच राहिलं: ट्रेमधलं जुनं मिश्रण परत वापरता येईल का?

प्रतिसाद

काड्यांसाठी नको, त्यात कूज आहे. मोठ्या, धरलेल्या झाडांच्या कुंड्यांत पसरून टाका. ट्रे साबणाने घासून उन्हात पूर्ण वाळवा, मगच नवीन मिश्रण भरा.