देणगी दिलेल्या संस्थेकडे हिशोब मागितला तर "विश्वास उडाला का" असं ऐकावं लागलं. माझं चुकलं का?

पाऊलवाट
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

गेली ६ वर्षं मी एका संस्थेला दरमहा पैसे देतेय. मुलांच्या शिक्षणाचं काम आहे, संस्था फार मोठी नाही, अगदी छोटीही नाही. मी स्वतः एकदा जाऊन आलेय, मुलं शिकतायत, बाई मनापासून शिकवतात, कामाबद्दल मला शंका नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांनी वसतिगृहाच्या नव्या खोल्यांसाठी वेगळं आवाहन केलं, त्यात मी जमेल तेवढं दिलं आणि ओळखीच्या चार जणांनाही द्यायला लावलं. आता त्यातल्या एकीने सहज विचारलं की खोल्या झाल्या का गं, आणि माझ्याकडे उत्तरच नव्हतं.

म्हणून मेल टाकला की खोल्यांसाठी किती जमले, किती खर्च झाले, आणि मागच्या वर्षीचा ऑडिट झालेला ताळेबंद मिळेल का. उत्तरात एक रंगीत पीडीएफ आलं. हसऱ्या मुलांचे फोटो, एक गोल चार्ट आणि मोठ्या अक्षरात "तुमच्या देणगीतले ९२ टक्के थेट मुलांपर्यंत". खोल्यांबद्दल अक्षरही नाही. परत विचारलं तर फोन आला, आवाज गोड होता पण वाक्य हे होतं, "ताई, इतक्या वर्षांचं घरच्यासारखं नातं, एकदम विश्वास उडाला का?"

तेव्हापासून मलाच अपराधी वाटतंय. ही माणसं रात्रंदिवस राबतात आणि मी घरी बसून हिशोब मागतेय असं वाटतं. पण ज्या चार जणांना मी द्यायला लावलं त्यांना काय सांगू? नक्की काय विचारायचं असतं, आणि ते ९२ टक्के म्हणजे खरंच चांगलं असतं का? माहितगारांनी सांगा प्लीज.

ताळा_जुळवणारा
ताई, अपराधी वाटून घेऊ नका. विश्वास आहे म्हणूनच तर तुम्ही विचारलंत, नसता तर गुपचूप पैसे बंद केले असते.

मी ऑडिट करतो, कामात बऱ्याच सेवाभावी संस्था असतात. तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट खोल्यांची आहे, ९२ टक्क्यांची नाही. ठराविक कामासाठी म्हणून मागितलेले पैसे हे बाकीच्या पैशांसारखे नसतात, ते त्याच कामाला लागले पाहिजेत, आणि दुसरीकडे वळवायचे असतील तर देणाऱ्याला आधी विचारलं पाहिजे. प्रत्यक्षात काय होतं तेही सांगतो. सगळे पैसे एकाच बँक खात्यात येतात. एखाद्या अनुदानाचा हप्ता लांबतो, शिक्षकांचे पगार तोंडावर येतात, मग कोणीतरी म्हणतं की या महिन्यापुरते खोल्यांच्या पैशातून भागवू, हप्ता आला की परत टाकू. हप्ता येतो तेव्हा दुसरी निकड उभी असते. इथे चोरी कोणीच केलेली नसते, सगळे प्रामाणिक असतात, पण खोल्यांचे पैसे संपलेले असतात.

हे कागदावर पकडता येतं. ताळेबंदात एका बाजूला लिहिलेलं असतं की वसतिगृह निधी शिल्लक अमुक. दुसऱ्या बाजूला बँकेतली आणि हातातली रोकड आणि ठेवी असतात. समजा वसतिगृह निधी शिल्लक दाखवलाय १०० आणि बँक, ठेवी, रोकड सगळं मिळून होतंय ४०, तर उरलेले ६० कुठे आहेत हा प्रश्न विचारायचा. एवढी एकच बेरीज करा, गोल चार्टपेक्षा जास्त कळेल.

आणि एक गैरसमज दूर करतो, ऑडिट झालं म्हणजे सगळं आलबेल असा अर्थ होत नाही. ऑडिटर एवढंच सांगतो की आकडे नियमांप्रमाणे मांडलेत आणि त्यात मोठी चूक दिसत नाही. संस्था पुढचे तीन महिने तग धरेल का, खर्च शहाणपणाने झाला का, हे त्या एका शेऱ्यात मावत नाही. ब्रिटनमधली किड्स कंपनी आठवा. मुलांसाठी काम, मोठं नाव, वर्षानुवर्षं सरकारी पैसा, दरवर्षी ऑडिट. २०१५ च्या जुलै अखेरीस सरकारकडून ३० लाख पाउंड मिळाले आणि ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात संस्था बंद पडली. पुढे २०२१ मध्ये कोर्टाने तिथल्या विश्वस्तांना अपात्र ठरवायची मागणी फेटाळली, हेही सांगायला पाहिजे, म्हणजे कोणी लबाडी केली असं ठरलं नाही. पण गाठीला राखीव पैसाच नव्हता, आणि हे ताळेबंदात आधीची काही वर्षं दिसत होतं. एक दिवस दार बंद झालं आणि रोज तिथे येणारी मुलं बाहेर राहिली. म्हणून राखीव निधी किती महिने पुरेल हेही विचारा, ज्या संस्थेकडे थोडी शिल्लक आहे ती काही लोभी नसते.

मैदानातली
मी एका संस्थेत ११ वर्षं काम केलंय, दुसऱ्या बाजूने लिहितेय. त्या ९२ टक्क्यांवर मला मनापासून बोलायचंय.

आम्हीपण ९० च्या वरचा आकडा छापायचो. तो कसा यायचा ते सांगते. अकाउंट्स बघणारी मुलगी होती, तिचा अर्धा पगार "प्रशिक्षण कार्यक्रम" मध्ये टाकलेला असायचा. ऑफिसचं भाडं केंद्रांवर वाटून टाकायचं. माझा स्वतःचा महिन्यातला निम्मा वेळ रिपोर्ट लिहिण्यात जायचा पण टाइमशीटवर मी १०० टक्के मुलांसोबत असायचे. याला कोणी खोटं म्हणायचं नाही, "असंच लिहितात" म्हणायचे. का, तर देणगीदारांना प्रशासनाचा खर्च नको असतो. मोठे फंडवालेसुद्धा सांगायचे की आम्ही फक्त कार्यक्रमाचे पैसे देऊ, पगार आणि ऑफिस तुमचं तुम्ही बघा. मग संस्था अकाउंटंट ठेवत नाही, जुन्या कॉम्प्युटरवर काम रेटते, हिशोब मागे पडतो, आणि तुमच्यासारख्या ताईंनी मेल केला की द्यायला आकडे तयारच नसतात. मग पाठवतात फोटो. तुमच्या संस्थेत अगदी हेच झालं असेल असं मला वाटतं, लपवाछपवीपेक्षा.

हा विषय नवा नाही. अमेरिकेत संस्थांची माहिती गोळा करणाऱ्या आणि त्यांना रेटिंग देणाऱ्याच तीन मोठ्या संघटनांनी, गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स यांनी, २०१३ मध्ये देणगीदारांना जाहीर पत्र लिहिलं की फक्त प्रशासकीय खर्चाच्या टक्क्यावरून संस्था जोखू नका.

आणि टक्का बनवता येतो हो. २०१५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी यंत्रणा) सगळ्या ५० राज्यांसोबत मिळून कॅन्सरच्या नावाने चालणाऱ्या चार संस्थांवर खटला भरला, कॅन्सर फंड ऑफ अमेरिका आणि तिच्या जोडीच्या. लोकांनी दिलेले १८ कोटी ७० लाख डॉलर, पेशंटपर्यंत त्यातला अगदी किरकोळ हिस्सा. आरोपांमधला एक असा होता की परदेशात पाठवलेल्या वस्तूरूपी देणग्यांची किंमत फुगवून दाखवली. म्हणजे औषधं वगैरे सामान आलं, त्याची किंमत भरमसाट लावली, ती उत्पन्नातही दाखवली आणि कार्यक्रमाच्या खर्चातही. लगेच कार्यक्रमाचा टक्का चढतो आणि निधी गोळा करणाऱ्या कंपन्यांना दिलेला पैसा त्यात छोटा दिसतो. म्हणून ज्या संस्थेत वस्तूंच्या देणग्या जास्त आहेत तिथे रोख खर्च वेगळा काढून बघा.

वाटसरू_२
एवढं कशाला? उत्तर देत नाहीत तर बंद करा आणि दुसऱ्या संस्थेला द्या. देणाऱ्याला काय तोटा.

मैदानातली
@वाटसरू_२ तोटा देणाऱ्याला नसतो, मुलांना असतो. नियमित देणारी ५० माणसं न सांगता गेली तर पहिला पगार त्या शिकवणाऱ्या बाईंचा थांबतो. बंद करायचंच असेल तर कारण लेखी सांगून करा, म्हणजे आतल्या ज्या माणसाला सुधारायचंय त्याच्या हातात काहीतरी येतं.

माजी_खजिनदार
मी एका छोट्या संस्थेत खजिनदार होतो, सगळे ओळखीचे, सगळे विनामोबदला. जे घडलं ते सांगतो, नाव घेत नाही.

पद घेतलं त्या दिवशी मला चेकबुक दिलं गेलं. उघडलं तर आतल्या आठ कोऱ्या चेकवर अध्यक्षांच्या सह्या आधीच केलेल्या. ते सतत बाहेरगावी असायचे, काम अडू नये म्हणून चांगल्या मनाने केलं होतं. नियम दोन सह्यांचा होता, कागदावर पाळलाही जात होता, पण प्रत्यक्षात पैसे एकटा मी काढू शकत होतो. माझ्या आधीचा माणूसही काढू शकत होता. मी मागची व्हाउचर काढून बसलो. एका फाईलमध्ये नऊ वेगवेगळ्या मजुरांच्या पावत्या होत्या, नवाही सह्या एकाच निळ्या पेनाने आणि एकाच वळणाच्या, रकमा सगळ्या गोल. काम झालेलं होतं, भिंत उभी होती, ती मी हाताने चाचपून आलो. पण मजुरांना किती मिळाले हे आजही कोणी सांगू शकत नाही. मी बैठकीत विचारलं तर मलाच "वातावरण बिघडवतोस" म्हणाले, आणि ज्यांना मी मोठ्या भावासारखं मानत होतो ते नंतर वर्षभर बोलले नाहीत. ते अजून लागतं मला.

म्हणून सांगतो, पैशाला दोन माणसं लागतात. देणगीपेटी उघडताना दोघं, मोजताना दोघं, कागदावर दोघांच्या सह्या आणि रक्कम त्याच दिवशी बँकेत. चेक लिहिणारा वेगळा, बँकेचं स्टेटमेंट दरमहा ताडून बघणारा वेगळा. यात कोणावर संशय नाही, उलट उद्या आळ आला तर प्रामाणिक माणूस याच कागदामुळे वाचतो. सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनर्सची जी जागतिक संघटना आहे तिच्या २०२४ च्या अहवालात सापडलेल्या अफरातफरींपैकी ४३ टक्के कोणीतरी कानावर घातल्यामुळे उघड झाल्या होत्या, बाह्य ऑडिटमधून फक्त ३ टक्के. सगळ्या प्रकारच्या संस्था कंपन्या धरून आहे हे, पण धडा आमच्या क्षेत्रालाही लागू आहे. विचारणाऱ्याला गप्प बसवलं की पकडण्याचा सगळ्यात मोठा रस्ताच बंद होतो.

ताई, तुम्ही विचारा की बँकेवर सह्या कोणाच्या आणि विश्वस्तांमध्ये एकाच घरातले किती जण आहेत. आणि कोणा विश्वस्ताच्या नातेवाइकाकडून बांधकाम किंवा खरेदी झाली का. झाली असली तरी गुन्हा नाही, पण ते लिहून जाहीर केलेलं असावं.

उंबरठा
सगळ्यांचं पटलं, पण सगळे देणाऱ्याचा हिशोब बोलताय, ज्यांच्यासाठी पैसा आला त्यांचं काय? खोल्या झाल्या का हे त्या वसतिगृहातल्या मुलींना कोणी सांगितलंय का? त्यांच्या नावाने पैसे मागितले, त्यांनाही आकडा माहीत असायला हवा.

२०१० च्या हैतीच्या भूकंपानंतर अमेरिकन रेड क्रॉसकडे साधारण ५० कोटी डॉलर जमले. २०१५ मध्ये एनपीआर आणि प्रोपब्लिका या अमेरिकन वृत्तसंस्थांनी शोध घेऊन लिहिलं की कायमची घरं बांधली ती ६. रेड क्रॉसचं म्हणणं होतं की तात्पुरते निवारे, भाड्याला मदत, दुरुस्ती असं धरून लाखाच्या वर लोकांना घरासाठी मदत झाली. मला दोन्ही आकड्यांपेक्षा हे महत्त्वाचं वाटतं की "मदत झाली" या एका शब्दात भाड्याचे पैसेही बसले आणि पक्कं घरही बसलं, आणि ज्याला घराची आशा दाखवली होती त्याला यातलं काय मिळणार हे कोणी नीट सांगितलं नव्हतं.

उलट उदाहरणही आहे. २००४ च्या डिसेंबरमधल्या त्सुनामीनंतर काहीच दिवसांत डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या वैद्यकीय मदत करणाऱ्या संस्थेने जाहीर केलं की त्सुनामीसाठी आम्हाला पुरेसे पैसे मिळाले, आता त्या नावाने देऊ नका. ज्यांनी आधीच दिले होते त्यांना विचारलं की जास्तीचे दुसऱ्या संकटांसाठी वापरू का. बहुतेकांनी खुशाल हो म्हटलं, परत मागणारे अगदी थोडे. जगभर पैशांचा पूर आलेला असताना "पुरे" म्हणायला धाडस लागतं. तुमच्या संस्थेनेही एक मेल टाकला असता ना, की खोल्यांचे पैसे पगाराला वापरावे लागतायत, चालेल का, तर मला वाटतं तुम्ही पाचही जणांनी हो म्हटलं असतं.

पाऊलवाट
सगळ्यांचे खूप आभार, खरंच धीर आला. अपडेट देते.

मी नव्याने मेल लिहिला, आधी कामाबद्दल मला काय वाटतं ते लिहिलं आणि मग फक्त तीन गोष्टी विचारल्या, खोल्यांचे किती जमले आणि आज त्यातले किती शिल्लक, बँकेवर सह्या कोणाच्या, आणि मुलींना याबद्दल काय सांगितलंय. ऑडिटचा ताळेबंदही मागितला. चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी त्यांच्या खजिनदारांचा स्वतः फोन, वयस्कर आहेत, आवाज थोडा कापत होता. त्यांनी सांगितलं ते ताळा_जुळवणारा यांनी इथे लिहिलं अगदी तसंच निघालं, अनुदान आठ महिने लांबलं आणि त्या पैशातून पगार झाले. पाया घालून काम थांबलंय. म्हणाले की आम्हाला सांगायची लाज वाटत होती. मी रागावणार होते पण रागावू शकले नाही.

ताळेबंद आलाय, बेरीज करून पाहिली, दर १०० मागे ६० च्या जवळपासचीच तफावत आहे. मी त्यांना एवढंच म्हटलं की हे मला फोनवर नको, खोल्यांसाठी दिलेल्या सगळ्यांना लेखी कळवा, पैसे कधी आणि कुठून परत टाकणार तेही लिहा, आणि वसतिगृहात मुलींना समोर बसवून सांगा. विश्वस्तांच्या बैठकीत ठेवतो म्हणाले. बैठक पुढच्या महिन्यात आहे. माझी दरमहाची देणगी चालू ठेवलीय, खोल्यांसाठी नवीन कोणाला द्यायला सांगणं थांबवलंय, आणि ज्या चौघांना मी द्यायला लावलं होतं त्यांना काल एकेक करून फोन केले. पत्र आलं की इथे लिहिते. @माजी_खजिनदार, सह्यांचं उत्तर अजून आलेलं नाही, ते परत विचारतेय.