पादचारी पूल नकोत, रस्ता रस्त्यावरूनच ओलांडू द्या

पायपीट (धागा सुरू करणारा)

पुण्यात पदपथांवर काम झालं आहे, ते नाकारत नाही. २०१६ मध्ये महापालिकेने पादचारी धोरण मंजूर केलं. जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता इथले पदपथ ऐसपैस झाले. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन होतो. पण हे सगळं रस्त्याच्या कडेचं काम. चालणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो तो रस्ता ओलांडताना, आणि तिथे आपल्याकडचं उत्तर ठरलेलं असतं: वर पूल बांधा, नाहीतर खाली भुयारी मार्ग खणा.

माझं म्हणणं असं की शहरातल्या रस्त्यांवर नवा पादचारी पूल बांधूच नये. तोच पैसा जमिनीवरून ओलांडण्याच्या जागांवर घालावा. मध्ये थांबायला बेट, दोन्ही पदपथांना जोडणारा उंचवलेला पट्टा, आणि जिथे वर्दळ जास्त तिथे पादचाऱ्यांचा सिग्नल.

पुलाचं साधं गणित बघा. खालून वाहनं जायला साडेपाच मीटर मोकळी उंची लागते. वरच्या तुळईची जाडी धरली की माणसाला सहा मीटर चढावं लागतं. १५ सेंटीमीटरची पायरी धरली तर ४० पायऱ्या चढायच्या आणि ४० उतरायच्या, तेही हातात भाजीची पिशवी घेऊन, नाहीतर पोर कडेवर घेऊन. चाकाच्या खुर्चीसाठी उतार करायचा तर बाराला एक या प्रमाणात प्रत्येक बाजूला ७२ मीटर लांबी हवी. तेवढी जागा पुण्यात कुठल्या पदपथावर आहे? आणि हा सगळा खटाटोप कशासाठी, तर गाडीला वेग कमी करावा लागू नये म्हणून. बसने जाणाऱ्या प्रत्येकाला रस्ता ओलांडावाच लागतो, जाताना नाही तर येताना. म्हणजे जो बसने जाऊन गर्दी कमी करतो त्यालाच आपण रोज दोन मजले चढवणार.

देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले ३२,८२५ पायी चालणारे होते. हा केंद्र सरकारचा आकडा आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालण्याजोगा पदपथ हा राज्यघटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तो हक्क पदपथाच्या कडेला येऊन संपतो का?

निवृत्त_स्थापत्य

रस्त्यांच्या कामात उभा जन्म गेला म्हणून लिहितो. उंचवलेला पट्टा कागदावर सुरेख दिसतो. जूनच्या पहिल्या मोठ्या सरीला त्याचा बांध होतो. आपल्या रस्त्यांना मध्यापासून कडेकडे ढाळ असतो आणि पाणी कडेने वाहत पावसाळी जाळीपर्यंत जातं. तिथेच तुम्ही एका पदपथापासून दुसऱ्यापर्यंत भिंत घालणार. मग पाणी तुंबणार, डांबर उखडणार, आणि खड्डा बरोब्बर ओलांडण्याच्या जागेपाशी पडणार.

दुसरं, वेग. हा मोठा रस्ता आहे की गल्ली, हे आधी ठरवा. सातारा रस्ता, नगर रस्ता, सोलापूर रस्ता हे शहराच्या आरपार जाणारे मार्ग आहेत. तिथे दर २०० मीटरवर उंचवटा केला तर रुग्णवाहिका, अग्निशमन बंब आणि पीएमपीची भरलेली बस यांनी जायचं कसं? बसमध्ये मागच्या चाकावरच्या आसनावर बसून बघा एकदा. कंबरदुखी असलेला माणूसही माणूसच आहे.

पूल सुरक्षित असतो, कारण तिथे चूक करायला वावच नाही. पट्टा करून वाहनचालक थांबेल अशी आशा धरणं म्हणजे दुसऱ्याच्या भल्या वागण्यावर म्हातारीचा जीव सोडून देणं.

पायपीट

पाण्याचा मुद्दा खरा आहे आणि त्याला इलाजही आहे. पट्टा पदपथाला चिकटवायचा नाही, कडेला पन्हळ मोकळी ठेवून वर लोखंडी जाळी टाकायची. किंवा जाळीचा चेंबर पट्ट्याच्या चढत्या बाजूला घ्यायचा. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार, सर. ते होत नाही कारण पट्टा बांधणारा ठेकेदार वेगळा आणि पावसाळी गटाराचा वेगळा.

वेगाबद्दल मात्र मी मागे सरणार नाही. ताशी ५० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जाते. माणूस दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत तो एक सेकंद जातोच. ताशी ३० ची गाडी, ब्रेक चांगले आणि रस्ता कोरडा असेल, तर १३-१४ मीटरमध्ये थांबलेलीसुद्धा असते. म्हणजे जिथे सावकाश गाडी उभी राहिलेली असते, तिथे जोरातल्या गाडीचा ब्रेक लागायला नुकती सुरुवात होत असते. यात चालकाच्या चांगुलपणाचा प्रश्नच येत नाही. आणि केंद्राच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेने पालिका हद्दीत मोटारींना ७० पर्यंत मुभा दिली. स्थानिक पातळीवर ती कमी करता येते, पण नुसता फलक लावून वेग कमी होत नाही. रुंद, सरळ आणि एकेरी रस्ता दिसला की पाय आपोआप दाबला जातो.

पुलावर चूक करायला वाव नाही म्हणता. पण लोक पुलावर चढतच नाहीत. खालून दुभाजकाच्या फटीतून जातात, आणि तिथे ना बेट असतं ना दिवा.

डोंबिवली_जलद

“पूल नकोच” हे तुमचं वाक्य पुण्यापुरतं ठेवा. आमच्याकडे स्टेशनवर उतरलेला माणूस आधीच रेल्वेच्या पुलावर असतो. त्याला खाली उतरवून रिक्षा, बस आणि फेरीवाल्यांच्या गर्दीत सोडण्यापेक्षा वरच्या वर पुढे नेलेलं बरं. २००८ मध्ये वांद्र्याला कलानगरच्या दिशेने पहिला स्कायवॉक झाला तो याच विचाराने. मग ठिकठिकाणी झाले. काही ओस पडले, काही खचाखच भरून वाहतात. जे भरतात ते स्टेशनच्या पुलाला थेट जोडलेले असतात, चढायचे कष्ट वेगळे पडत नाहीत. जे ओस पडले ते नुसते रस्त्यावरून रस्त्यावर नेणारे. त्यामुळे सरसकट विरोध पटत नाही.

पायपीट

तुमच्या उदाहरणात माणूस मुळातच वर आहे, तिथे मला काहीच म्हणायचं नाही. पुण्यातही उंचावरच्या मेट्रो स्थानकाचा जिना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उतरतो, तो वापरावा की. महामार्गावरही पूल हवा. चांदणी चौकासारख्या ठिकाणी जमिनीवरून ओलांडा असं कुणी म्हणणार नाही. मी कर्वे रस्त्याबद्दल बोलतोय, जिथे एका बाजूला दुकान आणि दुसऱ्या बाजूला घर आहे.

पार्सलवाला

दिवसभर दुचाकीवर असतो. इथे सगळे “गाडीवाले” म्हणजे मोटारवाले समजून बोलताहेत. त्याच २०२२ च्या आकड्यांत मेलेल्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवर होते, पायी चालणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त. त्यांच्यासाठी रस्त्याची कुठली रचना आहे, ते सांगा. उंचवट्याला रंग नसेल, वर दिवा नसेल, तर रात्री पावसात आम्हीच उडतो. वळणावर वाळू साचली तर आम्हीच घसरतो.

उलट्या दिशेने का येतो, पदपथावर का चढतो, हे कुणी विचारत नाही, फक्त शिव्या देतात. दुभाजकाच्या फटी बंद केल्या की समोरच्या सोसायटीत जायला लांब वळसा पडतो. पैसे पार्सलमागे मिळतात, किलोमीटर वाढला तर माझा तोटा. मी करतो ते बरोबर आहे असं म्हणत नाही. पण ओलांडण्याच्या जागा करायच्या तर यू-टर्नची सोयही त्याच नकाशात दाखवा, नाहीतर तुमच्या त्या बेटावरून आम्हीच गाडी घालणार. हे होणारच, म्हणून आधी सांगतोय.

पांढरी_काठी

मला दिसत नाही. धागा मोबाईल वाचून दाखवतो, म्हणून सगळे प्रतिसाद नीट ऐकलेत.

उंचवलेल्या पट्ट्याची मला भीती वाटते. पदपथाची कड काठीला लागते तेव्हा मला कळतं की इथून पुढे रस्ता आहे. तुम्ही दोन्ही एका पातळीत आणलं की ती खूण गेली. मी बोलता बोलता रस्त्याच्या मध्यात असेन. पट्टा करायचाच असेल तर त्याच्या आधी ठिपक्यांच्या उठावाच्या फरशा पदपथाच्या पूर्ण रुंदीभर हव्यात, आणि सिग्नलला आवाज हवा. आत्ता त्या पिवळ्या फरशा झाडाच्या बुंध्यापाशी नाहीतर विजेच्या डीपीपाशी नेऊन सोडतात. चुकीची फरशी नसण्यापेक्षा वाईट, कारण मी तिच्यावर विश्वास ठेवते.

पदपथाच्या तोंडाशी दुचाकी अडवायला खांब लावतात. माझी मैत्रीण चाकाची खुर्ची वापरते, तिला खांबांमध्ये निदान ९० सेंटीमीटर लागतात. तेवढ्यातून स्कूटर सहज जाते. स्कूटर अडवली तर मैत्रीण अडते. या अडचणीला नकाशात उत्तर नाही. तिथे पोलीस आणि दंडच लागतो, आणि त्याबद्दल इथे अजून कुणी चकार शब्द काढलेला नाही.

पूल मात्र मलाही नको. पायऱ्या चढते मी, पण वर आणि खाली गेल्यावर दिशा हरवते.

निवृत्त_स्थापत्य

@पांढरी_काठी, पट्टा पदपथापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर खाली ठेवला तर काठीला कड लागेल का? पण मग चाकाच्या खुर्चीला धक्का बसेल. यावर प्रत्यक्ष वापरणाऱ्यांना बोलावूनच निर्णय घ्यावा लागेल. आमच्या वेळी तशी पद्धत नव्हती.

लक्ष्मी_रस्ता_दुकान

११ डिसेंबरला आमच्या दारात लोक आनंदाने हिंडतात, फोटो काढतात. खरेदी करायला येणारा मात्र हडपसर, कोथरूड, सिंहगड रस्त्यावरून दुचाकीने येतो. लग्नाची साडी घ्यायला आलेली पाच माणसं बसने येत नाहीत. आधी वाहनतळ द्या, मग रस्ता अरुंद करा. बेटं आणि पट्टे आले की पार्किंगची जागा जाते, आणि गिऱ्हाईक मॉलमध्ये जातं. तिथे गाडी लावायला जागा मिळते हे एकच कारण. तीन पिढ्यांचा धंदा आहे, प्रयोगासाठी नाही.

पेडल

रोज सायकलने कामावर जाते. दादा, गिऱ्हाईक येतं कसं हे तुम्ही जवळून बघता, तरी एक विचारते. तुमच्या दारातल्या गाड्यांपैकी किती गिऱ्हाइकांच्या आणि किती आजूबाजूच्या दुकानदारांच्या नि कामगारांच्या? दिवसभर एकच गाडी उभी राहिली तर त्या जागेत गिऱ्हाईक एकही येत नाही. तासावर पैसे घेतले की जागा फिरती राहते. २०१८ मध्ये महापालिकेने तसं पार्किंग धोरण केलं होतं, ते बासनात गेलं.

आता माझा मूळ धाग्याला विरोध. सायकलचं नाव कुठेच नाही. पुण्याचा सायकल आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला, पण प्रत्यक्षात सायकलमार्ग म्हणजे पदपथाच्या कडेला रंगीत फरशीचा पट्टा. प्रत्येक फाटकापाशी खाली उतरतो, बसथांब्यापाशी संपतो आणि पुढे त्यावर चारचाकी उभी. मी तो वापरत नाही, रस्त्यावरूनच जाते, आणि “मार्ग दिलाय तरी वापरत नाहीत” असं ऐकून घेते. मला वेगळा मार्ग फक्त सोलापूर रस्त्यासारख्या मोठ्या रस्त्यांवर हवा, तोही चौकातून आरपार जाणारा. पेठांत आणि सोसायट्यांच्या रस्त्यांवर वेग ३० च्या आत आणा, मला वेगळी जागा नको. त्यासाठी गाड्यांची पट्टी (लेन) साडेतीन मीटरऐवजी तीन मीटरची केली तरी पुष्कळ फरक पडेल.

मंडईजवळची

पदपथ मोकळा करायचा म्हटलं की पहिला हात फेरीवाल्यांवर पडतो. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ मध्ये झाला आहे, त्यांची जागा आखून द्यायला हवी. रात्री साडेनऊला मी घरी येते तेव्हा ज्या पदपथावर भाजीवाली नि तिचा दिवा असतो, तिथून मला निर्धास्त जाता येतं. रिकाम्या, रुंद, अंधाऱ्या पदपथावरून मी जात नाही. चालण्यासाठी १.८ मीटर मोकळे हवेत असं मानक आहे, तेवढे सोडून उरलेल्यात त्यांना बसू दे.

पायपीट

@पेडल, चौकातून आरपार जाणारा सायकलमार्ग माझ्या मागणीत घालतो, तो तिथेच बसतो. @पांढरी_काठी, तुमची कड आणि आवाज, दोन्ही.

दुकानदार दादांना एकच विनंती. पार्किंगसाठी चौक वापरू नका. चौकाच्या तोंडाशी उभी असलेली गाडी पादचाऱ्याला झाकते, विशेषतः लहान मुलाला. वळणापासूनचे दहा मीटर मोकळे ठेवले तर रस्त्याच्या मधल्या भागातली जागा तुमची तुम्हाला राहते. शिवाय एका चौकात आधी रंग आणि प्लॅस्टिकचे खांब लावून दोन-तीन महिने बघता येईल. काही पक्कं बांधायचं नाही, जमलं नाही तर काढून टाकायचं.

लक्ष्मी_रस्ता_दुकान

दहा मीटर चालतील. चाचणी दसरा-दिवाळीत आणि लग्नसराईत नको, आणि मोजायचं असेल तर आमचा गल्लाही मोजा, नुसती चालणारी माणसं नको.

पार्सलवाला

आणि यू-टर्न?